चार इंच पावसाचा मुलूख



आज लांब जायचे आहे आणि वरही चढायचे आहे. भिंतीवर नकाशा टांगला आहे तो पाहा. हा आपला महाराष्ट्र. इथून बोट वर सरकवत न्या. नर्मदा ओलांडा, दिल्ली मागे टाका, हिमाचलचे डोंगर मागे टाका. अगदी माथ्यावर हा भाग आहे ना, तो लडाख. आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुले फौजेत आहेत. लेह, द्रास, सियाचीन ही नावे त्यांच्या तोंडून तुम्ही ऐकली असतील. पोरगा सुट्टीवर आला की तिथल्या थंडीच्या गोष्टी सांगतो. पण त्या थंडीत शेती करून पोट भरणारी माणसे पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यांची हकीकत फारशी कोणी सांगत नाही. आम्ही दोघे एका मे महिन्यात तिकडे गेलो होतो. तिथल्या एका खेड्यात आठ दिवस राहिलो. जे पाहिले आणि विचारून घेतले, ते सांगतो.

पहिली गोष्ट उंचीची. कळसूबाई हे आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर. उंची ५४०० फूट. आता एका कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवा. तरी लेहचा बाजार तिच्या वरच राहील! लेह आहे साडेअकरा हजार फुटांवर. आणि ही तिथली सखल जागा, बरं का. भोवतालचे डोंगर सतरा-अठरा हजार फुटांपर्यंत, कुठे त्याहून वर गेले आहेत.

पठार म्हटले की आपल्याला पाचगणीचे किंवा कासचे सपाट रान आठवते. लडाखलाही पठार म्हणतात, पण ते तसे सपाट नाही. सगळा मुलूखच उंच उचललेला. त्यावर पुन्हा डोंगरांच्या रांगा, आणि रांगांमधून नद्या. सिंधू नदी तिबेटातून येते, लडाखमधून वाहत जाते आणि पुढे पाकिस्तानात उतरते. मुलूख मोठा, ५९ हजार चौरस किलोमीटरांचा. माणसे मात्र २०११ च्या शिरगणतीत पावणेतीन लाखच भरली. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख हा जम्मू-काश्मीरपासून वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला आहे. लेहकडे बौद्ध वस्ती जास्त, कारगीलकडे मुसलमान जास्त.

इतक्या उंचीवर हवा विरळ असते. आपण एका श्वासात जेवढी हवा घेतो, तिचा तिसरा हिस्सा तिथे कमी पडतो. पहिल्या दिवशी आमचे डोके असे ठणकले की काय सांगावे! एक जिना चढलो तर छाती लोहाराच्या भात्यासारखी हालू लागली. म्हणून तिकडे जाणाऱ्याने पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहावे. हिंडू नये, शूरपणा करू नये. फौजेतल्या जवानांनासुद्धा आधी हवेची सवय करून घ्यावी लागते, मगच पुढे पाठवतात.

विरळ हवेची आणखी एक गंमत ऐका. आपल्याकडे पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते. लेहला ते अठ्ठ्याऐंशी अंशांनाच उकळू लागते. म्हणजे उकळी फुटली तरी पाणी पुरेसे तापलेले नसते. आम्ही घरून तूरडाळ नेली होती. पातेल्यात चढवली. तास झाला, दोन तास झाले, डाळ आपली टणकच! शेवटी घरच्या बाईंनी हसत हसत कुकर पुढे केला.

आता पाऊस मोजू. आपला सातारा जिल्हाच घ्या. महाबळेश्वराला वर्षाला दोनशे इंचांच्या वर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुका आहे. तिथे वीस इंचांच्या आतबाहेर पडतो. असे का? तर सह्याद्री आडवा उभा आहे. समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. पलीकडे उरलेसुरले जाते. लडाखचेही तसेच आहे. फक्त सह्याद्रीच्या जागी हिमालय आहे. ढगांनी ती भिंत ओलांडायची म्हणजे काय! म्हणून लेहला वर्षाला पडतो चार इंच पाऊस. चारच. हिवाळ्यात भुरभुरणारे बर्फ वितळवून त्यात धरले, तरी चार.

माणचा शेतकरी आपल्याला कोरडवाहू म्हणवतो. लडाखच्या शेतकऱ्याला कोरडवाहू शेती ठाऊकच नाही. नुसत्या पावसावर तिथे गवताची काडी उगवत नाही. लेहहून मोटारीने निघालो की दोन्ही बाजूंना नुसती खडी, वाळू आणि तांबडे-पिवळे उघडे डोंगर. मग एकदम एक वळण येते आणि हिरवागार तुकडा दिसतो. पॉप्लरची उंच सरळ झाडे, विलोची झाडे, जवाची शेते, पांढरी घरे. पाट जिथे संपतो तिथे हिरवे संपते. हिरव्याची कड इतकी स्वच्छ असते की एक पाय शेतात आणि एक पाय वाळवंटात ठेवून उभे राहता येते.

हे पाणी येते कुठून? वरून. डोंगरांच्या माथ्यावर हिमनद्या आहेत. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षे साठून, दाबून घट्ट झालेले बर्फ. ते डोंगराच्या अंगावरून अगदी सावकाश खाली सरकत असते. उन्हाळ्यात त्याचे टोक वितळते. हिवाळ्यात साचलेला नवा हिमही वितळतो. त्याचा ओढा होतो. ओढ्यातून पाट काढायचा, डोंगराच्या कडेकडेने कोसभर वळवत आणायचा आणि गावाच्या माथ्यावरच्या तळ्यात सोडायचा. तळ्याला तिकडे झिंग म्हणतात. रात्रभर झिंग भरते, सकाळी उघडते, आणि चाऱ्यांमधून पाणी शेतोशेती जाते.

आता खरी अडचण पाहा. तिथे उन्हाळा जेमतेम चार-पाच महिन्यांचा. सप्टेंबर सरला की थंडी सुरू होते. जानेवारीत लेहला रात्री पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत जातो. म्हणजे वर्षाला एकच पीक, आणि ते एप्रिल-मे महिन्यांत पेरलेच पाहिजे. उशीर झाला तर दाणा भरायच्या आत थंडी येऊन गाठते. पेरायचे तर आधी रान ओलवायला हवे, वाफसा यायला हवा. पण हिमनद्या आहेत सतरा-अठरा हजार फुटांवर. तिथले बर्फ जोराने वितळायला जून उजाडतो. पाणी जुलैत धो धो वाहते आणि गरज असते मे महिन्यात. आपल्याकडे मृग लांबला की जीव कसा टांगणीला लागतो? लडाखच्या शेतकऱ्याचा मृग दर वर्षीच लांबतो म्हणा ना.

मे महिन्यात ओढ्याला पाणी बोटभर. ते सगळ्यांना पुरवायचे कसे? यासाठी गावोगाव एक माणूस नेमलेला असतो. त्याला म्हणतात छुरपोन. छु म्हणजे पाणी. छुरपोन म्हणजे पाण्याचा कारभारी. बहुतेक गावांत हे काम घरांमागून घरे फिरते. यंदा या घरचा माणूस, पुढच्या वर्षी शेजारच्या घरचा. कोणाच्या शेताला कधी पाणी, किती वेळ पाणी, हे तो ठरवतो. दारे उघडणे आणि बुजवणे त्याच्याच हाती. त्याला मोबदला पूर्वी धान्यात मिळे.

धुळ्याकडून कोणी आले असेल तर त्यांना हे नवे वाटणार नाही. पांझरेच्या काठी फडपद्धत होती, आजही काही गावांत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचे नाही. लडाख आणि खानदेश यांची कधी गाठ पडली नसेल. पण थोडे पाणी पुष्कळांना वाटायची वेळ आली तेव्हा दोघांनी सारखीच तोड काढली.

आम्ही ज्या घरी राहिलो तिथले आजोबा तीन वेळा छुरपोन झाले होते. तिकडे आजोबांना मेमे-ले म्हणतात. ले म्हणजे आपल्या जीसारखे, मानाचे. त्यांची नात शाळेत शिकवायची, तिला हिंदी येत होते. तिच्या तोंडून आमचे बोलणे चाले.

आम्ही विचारले, “मेमे-ले, पाण्यावरून भांडणं होत नाहीत का?”

ते खो खो हसले. म्हणाले, “होतात तर! पाण्यावरून भांडत नाही तो शेतकरी कसला?”

“मग?”

“मग काय? रात्री कोणी दार फोडलं, तर सकाळी ओल्या मातीत पाय उमटलेले दिसतात. गावात माणसं किती? कोणाचा पाय कसा, हे आम्हाला ठाऊक असतं. दंड भरावा लागतो. दंडापेक्षा लाज मोठी. पुढच्या वर्षी तोच छुरपोन होणार असतो ना!”

ही शेवटची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. आज जो रागावला आहे, त्याच्याच हाती उद्या किल्ली येणार.

पीक मुख्य जवाचे. जव म्हणजेच आपला सातू. थोडा गहू, वाटाणा, मोहरी, जनावरांसाठी लसूणघास. सखल गावांत जर्दाळू पुष्कळ. नांगराला झो जुंपतात. झो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातला बैल. अंगावर केस, स्वभावाने गरीब. नांगर धरणारा त्याला गाणे म्हणून दाखवत चालतो. गाणे थांबले की झो थांबतो, असे नातीने सांगितले. खरे-खोटे त्या झोलाच ठाऊक!

जव भाजतात आणि पाणचक्कीवर दळतात. त्या पिठाला ङाम्फे म्हणतात. सकाळी चहात कालवून खायचे. चहा मात्र आपला नव्हे. चहाचे पाणी, मीठ आणि लोणी लाकडी नळकांड्यात घालून घुसळतात. गुरगुर असा आवाज होतो म्हणून तो गुरगुर चहा. पहिला घोट घेताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. चौथ्या दिवशी आपण होऊन पेला पुढे केला. थंडीत अंगात ऊब राहते ती त्या लोण्याने.

घरे मातीच्या विटांची, धाब्याची. खालच्या मजल्यावर जनावरे, वर माणसे. छपरावर कडबा आणि सरपण रचलेले. सरपण कसले, झाडे आहेत कुठे? शेणच वाळवून जाळायचे. आता तुम्ही म्हणाल, शेण चुलीत गेले तर शेताला काय? त्याचीही सोय आहे. घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली असते. तिच्या जमिनीला भोक आणि कोपऱ्यात मातीचा ढीग. विधी झाला की फावडेभर माती लोटायची. पाणी वापरायचे नाही. खालच्या खोलीत वर्षभरात त्याचे खत होते. वास नाही, माश्या नाहीत. वसंतात ते शेतात जाते. आपण याला सोनखत म्हणतो. कोकणात कणकवलीजवळ अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचा प्रचार करण्यात आयुष्य घातले. आपल्या लोकांनी तेव्हा नाके मुरडली. लडाखात मात्र ही जुनी, घरोघरची चाल. अलीकडे लेह शहरात तिला उतरती कळा लागली आहे. १९७४ साली लडाख पाहुण्यांना खुले झाले. पुढे उपाहारगृहे झाली, पाण्याचे संडास आले, त्यांच्यासाठी जमिनीत नळ्या ठोकून पंप बसले. चार इंच पावसाच्या गावात पाण्याचे संडास! आमच्या मते हे बरे झाले नाही.

शेतीच्याही वर, पूर्वेला, चौदा-पंधरा हजार फुटांवर चांगथांग आहे. तिथे जव पिकणे कठीण. तिथे चांगपा लोक मेंढरे, बकऱ्या आणि याक घेऊन हिंडतात. आपले धनगर वाड्यासह फिरतात तसेच. तंबू याकच्या केसांचा विणलेला, काळा. बकऱ्यांच्या लांब केसांखाली मऊ लव येते. थंडी जितकी कडक तितकी लव दाट. उन्हाळा लागला की फणीने विंचरून ती काढतात. हीच पश्मीना. तिची काश्मीरात शाल होते आणि शहरात हजारो रुपयांना विकली जाते. २०१३ साली हिवाळ्यात चांगथांगवर बर्फ फार पडले. चारा गाडला गेला. हजारो जनावरे मेली. खरनाक भागातली बरीच कुटुंबे तर केव्हाच कळप विकून लेहजवळ येऊन राहिली. मुलांची शाळा आहे, दवाखाना आहे. त्यांना नावे कोण ठेवणार?

आता मेमे-लेंना ज्याची काळजी लागली आहे ते सांगतो. एका संध्याकाळी ते आम्हाला झिंगवर घेऊन गेले. वरच्या डोंगराकडे बोट केले. म्हणाले, “मी लहान होतो तेव्हा ते पांढरं त्या काळ्या खडकापर्यंत होतं. आता बघा.” पांढरे पुष्कळ वर सरकले होते. जगाची हवा तापते आहे आणि हिमालयातल्या बहुतेक हिमनद्या आखडत चालल्या आहेत. हे आता मोजून सिद्ध झाले आहे. झंस्कार भागात कुमिक नावाचे गाव आहे. त्याचा ओढा आटत गेला. शेवटी लोकांनी दूर नदीकडच्या माळावर नवे गाव वसवायला घेतले. पिढ्यान् पिढ्यांची घरे आणि बांध सोडायचे, ही काय थोडी गोष्ट आहे?

आणि पाऊस चार इंचांचा म्हणून निर्धास्त राहावे, तर तेही नाही. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. उघड्या डोंगरांवरून चिखल आणि दगड यांचे लोंढे आले. मातीची घरे विरघळली. दोनशेहून अधिक माणसे दगावली. आमच्या यजमानांच्या घराच्या मागच्या भिंतीवर तेव्हाच्या चिखलाची रेघ अजून आहे. हाताने दाखवली, कमरेएवढी.

पण हे लोक हात बांधून बसलेले नाहीत. छेवांग नोरफेल नावाचे एक इंजिनीअर ग्रामविकास खात्यात होते. हिवाळ्यात नळ गोठून फुटू नये म्हणून तो तिकडे थोडा उघडा ठेवतात. नोरफेल यांनी एकदा पाहिले की नळाचे पाणी जोराने वाहते तिथे गोठत नाही, पण पुढे झाडांच्या सावलीत संथ होते तिथे त्याचे बर्फ बनते. एवढीशी गोष्ट. त्यांच्या मनात आले, हिवाळ्यात ओढ्याचे पाणी फुकट वाहून जाते. ते गावाच्या वर सावलीच्या घळीत वळवावे. दगडांचे बुटके बांध घालून संथ करावे. मग थरावर थर बर्फ साचेल. हे बर्फ खऱ्या हिमनदीपेक्षा पुष्कळ खाली, म्हणून लवकर वितळेल. अगदी पेरणीच्या वेळी! १९८७ साली फुकत्से गावात त्यांनी पहिला प्रयोग केला. पुढे अनेक गावांत केला. २०१५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. लोक त्यांना बर्फवाला माणूस म्हणतात.

दुसरी युक्ती सोनम वांगचुक यांची. २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्यांनी शाळेच्या मुलांना घेऊन ती करून पाहिली. ओढ्याचे पाणी वरून नळीने खाली आणायचे. वरच्या टाकीचे पाणी खालच्या नळाला कसे जोराने येते? तसेच हे पाणी नळीच्या तोंडातून उंच उडते. पंप नको, वीज नको. रात्रीच्या थंडीत तुषार खाली पडता पडता गोठतात आणि बर्फाचा उंच ढीग तयार होतो. खाली रुंद, वर निमुळता. अशा आकाराला ऊन कमी लागते, म्हणून तो मे महिन्यातही टिकतो. दिसतो बौद्धांच्या स्तूपासारखा, म्हणून नाव पडले बर्फाचा स्तूप.

आमच्या यजमानांच्या गावानेही एक स्तूप केला होता. सोपे काम नाही हो ते. जानेवारीच्या रात्री नळी गोठते. मग दोघा-तिघांनी कंदील घेऊन वर चढायचे, नळी मोकळी करायची. एका वर्षी नळी फुटली आणि सगळी मेहनत वाया गेली. त्या वर्षी मेमे-लेंनी दोन शेते पडीक ठेवली. आणि वितळणाऱ्या हिमनद्या अशा युक्त्यांनी थांबत नाहीत, हेही ते लोक जाणून आहेत. पण मे महिन्याचे ते पाच-सहा आठवडे निघतात.

आम्ही निघालो त्या दिवशी यजमानांच्या शेताची पाळी होती. सगळे घर पहाटेच दारे धरायला गेले होते. मेमे-ले कुदळ खांद्यावर घेऊन बांधावर उभे होते. तिथूनच त्यांनी हात वर केला आणि ओरडले, “जुले!” तिकडे आला तरी जुले, गेला तरी जुले, आभार मानायचे तरी जुले. आजींनी आमच्या हातात ङाम्फेची एक पिशवी दिली होती.

ती पिशवी आज इथे आणली आहे. शाळेच्या चुलीवर पाणी तापत ठेवले आहे. ज्याला चाखायचे असेल त्याने ओंजळ पुढे करावी. तिकडे मीठ घालतात. आजी, तुम्ही गूळ मागणार हे ठाऊक होते, तोही आणला आहे.